तक्त्यावरची चौथी ओळ

तक्ता लावायची कल्पना नियमकाकांची स्वतःचीच होती, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे त्यांनी ती मेहुण्याची, शिपाईमामांची आणि एकदा तर छताच्या पंख्याची असल्यासारखं भासवून पाहिलं. पण खरं ते खरं.

नियमकाका म्हणजे विद्यापीठाच्या परदेशी विद्यार्थी कक्षाचे अधीक्षक. कक्ष म्हणजे तळमजल्यावरची एक खोली, दोन टेबलं, पाच कपाटं आणि दारासमोरची कायमची रांग. बाहेरून शिकायला आलेल्या तीनशे-साडेतीनशे मुलामुलींनी इथे किती दिवस राहायचं, मुदत संपत आली की अर्ज कधी करायचा, खोली बदलली तर कुणाला कळवायचं, हे सगळं या खोलीतून ठरायचं. म्हणजे ठरायचं परदेशी नागरिक कार्यालयात. इथे नुसतं सांगितलं जायचं. पण नियमकाका सांगायचे अशा थाटात, की ऐकणाऱ्याला वाटावं, हे नियम काल जेवण झाल्यावर यांनीच बसून केले असणार. सव्वीस वर्षांच्या नोकरीत त्यांना एकही मेमो नव्हता. ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगत आणि जुन्या माणसाला आठवड्यातून एकदा.

तर या रांगेतला जो तो तेच चार प्रश्न विचारायचा. दिवसातून चाळीस वेळा तेच तेच सांगून नियमकाकांचा घसा बसला, तेव्हा त्यांनी ठरवलं की एकदाच काय ते भिंतीवर लिहून टाकावं. दहा ओळींचा तक्ता, मोठी निळी अक्षरं. काकूंच्या भावाचं छपाईचं दुकान होतंच.

"भाऊजी, नुसता कागद नको," मेहुणा म्हणाला. "असं जाड लॅमिनेशन करून देतो की पन्नास वर्षं अक्षर हलणार नाही."

इथे कुणीतरी त्या दोघांना थांबवायला हवं होतं. ज्या नियमांनी गेल्या वर्षी पन्नास दिवससुद्धा धड काढले नव्हते, त्यांना पन्नास वर्षांचं लॅमिनेशन! पण थांबवणार कोण? काकूंना भावाचं कौतुक, नियमकाकांना तक्त्याचं.

सोमवारी तक्ता लागला. गुरुवारी परिपत्रक आलं. मुदतवाढीचा अर्ज यापुढे मुदत संपण्याआधी तीस नव्हे, साठ दिवस करावा. म्हणजे चौथी ओळ. नियमकाकांनी 'साठ' अशी सुबक पट्टी टाइप केली आणि गोंद लावून 'तीस'वर चिकटवली. दहा दिवसांनी दुसरं परिपत्रक आलं, पंचेचाळीस दिवस. पट्टीवर पट्टी. त्यानंतर आठवड्याभरात शुद्धिपत्रक आलं की 'पंचेचाळीस' हे नजरचुकीने पडले असून 'साठ' असेच वाचावे. पट्टीवर पट्टीवर पट्टी. चौथ्या ओळीला चांगला फुगवटा आला.

आता त्या गुळगुळीत लॅमिनेशनवर गोंद काय धरणार? वर पंखा गरगरत होता. शिपाईमामा सकाळी केर काढून आत यायचे आणि म्हणायचे, "साहेब, तुमचे दोन नियम टेबलाखाली सापडले. ड्रॉवरमध्ये ठेवू का?" नियमकाकांनी गोंद बदलला, सेलोटेप लावली, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप आणली. शेवटी वैतागले आणि तक्त्याकडे बघायचंच त्यांनी सोडून दिलं. कुणी काही विचारलं की रजिस्टरातून डोकं वर न काढता मागे बोट करायचे आणि म्हणायचे, "तिथे सगळं लिहिलंय. वाचा."

एका बुधवारी सकाळी मातीवाली आली.

ती मृदाशास्त्रात पीएचडी करत होती. नखांत कायम माती, म्हणून सगळा विभाग तिला मातीवाली म्हणायचा आणि तिलाही ते आवडायचं. विभागाच्या काचघरात तिच्या दोनशे चौदा कुंड्या होत्या. प्रत्येकीत वेगळ्या तऱ्हेची माती आणि एकेक घेवड्याचा वेल. दोन वर्षांच्या खटपटीनंतर ते वेल आता कुठे फुलावर आले होते आणि शेंगा धरून वाळायला आणखी दोन महिने हवे होते. त्या शेंगा मोजल्या, तोलल्या, की तिचा प्रबंध पुरा. एवढं सगळं नियमकाकांना ठाऊक होतं, कारण ती रांगेत उभी राहिली की पुढच्या-मागच्यांना हेच सांगायची.

"काका, मुदतवाढीचा अर्ज," ती खुशीत म्हणाली. "माझी मुदत संपायला तेहेतीस दिवस आहेत. तीन दिवस आधीच आले बघा!"

नियमकाका हसले. "तीन दिवस आधी? अगं, सत्तावीस दिवस उशिरा. साठ दिवस आधी करायचा असतो. तक्त्यावर लिहिलंय की."

"तक्त्यावर तीस आहे."

"साठ आहे."

"तीस आहे, काका."

नियमकाकांनी मागे वळून पाहिलं. चौथी ओळ स्वच्छ, गुळगुळीत, निळी. पन्नास वर्षांच्या हमीची. तीस.

तरी अधीक्षकाच्या आवाजात ते म्हणाले, "हे आत्ताच पडलं असेल. कालपर्यंत होतं."

मातीवालीने फोन काढून समोर धरला. तिने महिन्याभरापूर्वी तक्त्याचा फोटो घेतला होता, तारखेसकट. फोटोत तक्ता होता, त्यावर 'तीस' होतं, आणि डाव्या कोपऱ्यातून एक हात आत आला होता. मनगटावर नियमकाकांचं घड्याळ, आणि बोट बरोबर चौथ्या ओळीवर रोखलेलं.

"मी तेव्हा विचारलं होतं ना," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तिथे लिहिलंय, वाचा. मी वाचलं. विसरायला नको म्हणून फोटो काढला."

नियमकाकांनी परदेशी नागरिक कार्यालयाला फोन लावला. पलीकडून उत्तर आलं की उशिराचा अर्ज घेता येत नाही. विद्यार्थिनीने मुदतीत मायदेशी जावं आणि तिथून नवा अर्ज करावा. किती दिवस लागतील? सहा महिने, आठ महिने, सांगता येत नाही.

"आठ महिने?" मातीवाली म्हणाली. "काका, वेल थांबत नाहीत."

ती रडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती खुर्चीत बसून बोटांची नखं बघत राहिली. नियमकाकांना धड पाणीही विचारायचं सुचेना.

ती गेल्यावर त्यांनी सगळी परिपत्रकं काढून वाचली. सतराव्या पानावर, अगदी खाली, परिशिष्ट 'ग' सापडलं. संस्थेच्या चुकीमुळे उशीर झाला असेल तर अर्ज घेता येतो. मात्र चूक लक्षात आल्यापासून तीन दिवसांत, म्हणजे शुक्रवारी चारच्या आत, तीन गोष्टी हव्यात. जबाबदार कर्मचाऱ्याची नावासकट लेखी कबुली, संस्थेने त्याच्यावर केलेल्या कारवाईचा पुरावा, आणि चुकीचं छायाचित्र.

नियमकाकांनी ते तीनदा वाचलं. जबाबदार कर्मचारी म्हणजे कोण, याचा त्यांनी संध्याकाळपर्यंत अतिशय तटस्थपणे विचार केला. गोंद निकृष्ट होता. पंखा रेग्युलेटर खराब असल्यामुळे पाचवरच फिरायचा आणि तशी तक्रार त्यांनी दोनदा लेखी केली होती. शिपाईमामांनी पट्ट्या ड्रॉवरमध्ये न ठेवता पुन्हा भिंतीवर लावल्या असत्या तर? दोन महिन्यांनी उपकुलसचिवाची जागा रिकामी होणार होती, बढतीच्या यादीत त्यांचं नाव पहिलं होतं, आणि त्यांची सेवापुस्तिका कशी, तर धुतल्या तांदळासारखी. आता तिच्यात हे!

घरी जाऊन त्यांनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात जिन्यावरचे शेजारी आत आलेच. चिंता एकाच्या घरी झाली की तिचा वास या इमारतीत तिन्ही मजल्यांना लागायचा.

"लेखी?" वरच्या मजल्यावरचे निवृत्त ऑडिटर ओरडलेच. "डोकं ठिकाणावर आहे का? छत्तीस वर्षं नोकरी केली मी. माझ्या हातचा एक कागद कुणाला सापडणार नाही. आजारी पडा. सरळ आठ दिवस आजारी पडा."

"आणि द्यायचंच झालं," समोरच्या वकिलीणबाई म्हणाल्या, "तर त्यात माणूस ठेवूच नका. तक्ता लावला गेला, पट्टी पडली, मुदत गेली. कोण आलं त्यात? कुणीच नाही!"

नियमकाकांना हे फार पटलं. "तसं पाहिलं तर," ते घसा खाकरून म्हणाले, "मूळ दोष लॅमिनेशनचा आहे. साधा कागद असता तर गोंद धरला असता. मेहुण्यांनीच..."

स्वयंपाकघरातून काकू बाहेर आल्या. "माझ्या भावाचं नाव घ्याल तर याद राखा. तो म्हणाला होता, अक्षर हलणार नाही. हललं का अक्षर? नाही ना? मग?"

अक्षर खरंच हललं नव्हतं, तोच तर घोळ होता.

शेजारी गेले. काकू ताटं मांडता मांडता म्हणाल्या, "ती मुलगी गेली तर त्या कुंड्यांना पाणी कोण घालणार?"

"विभाग बघेल."

"विभाग!" काकू म्हणाल्या, आणि आमटीचं भांडं त्यांनी जरा जोरातच खाली ठेवलं.

गुरुवारी सकाळी नियमकाका काचघरावरून गेले. एरवी तो रस्ता त्यांचा नव्हता. मातीवाली आत होती. पाठमोरी, हातात झारी, एकेका कुंडीपाशी थांबत, वहीत काहीतरी लिहीत. तिने त्यांना पाहिलं नाही. ते काचेबाहेर दोन मिनिटं उभे राहिले, मग सरळ कुलसचिव मॅडमच्या केबिनमध्ये गेले आणि बसायच्या आत म्हणाले, "मॅडम, मला मेमो द्या."

कुलसचिव मॅडम बारा वर्षं त्यांना ओळखत होत्या. त्यांना वाटलं, यांचं रक्तदाबाचं वगैरे काही असावं. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी चष्मा काढला.

"द्यायला माझी हरकत नाही. पण उद्या चारच्या आत? आधी कारणे दाखवा नोटीस, मग तुमचा खुलासा, मग माझा निर्णय. माझा टायपिस्ट रजेवर आहे. आणि खरं सांगू? इथे मेमोचा मसुदा तुमच्याइतका चांगला कुणाला येतच नाही. गेल्या बारा वर्षांतले सगळे तुम्हीच लिहिलेत."

"मग हाही लिहितो," नियमकाका म्हणाले.

झालं. नियमकाका आपल्या टेबलावर बसले आणि त्यांनी स्वतःला नोटीस लिहायला घेतली. 'आपले हे वर्तन अत्यंत बेजबाबदारपणाचे व संस्थेच्या लौकिकास बाधा आणणारे असून...' लिहिताना त्यांना स्वतःचाच राग आला आणि मग त्या राग येण्याचाही राग आला. मॅडमनी मसुदा वाचला. "अहो, इतकं कडक नको. 'लौकिकास बाधा' काढा."

"नाही मॅडम. सौम्य लिहिलं तर तिकडे त्यांना संशय येईल."

मॅडमनी सही केली. नियमकाकांनी जावक रजिस्टरात नोटिशीला क्रमांक दिला, ती लिफाफ्यात घातली आणि शिपाईमामांच्या हाती दिली. शिपाईमामा दाराबाहेर गेले, वळले, आत आले आणि त्यांनी ती नियमकाकांना दिली. नियमकाकांनी पोच दिली, आवक रजिस्टरात नोंद केली. नियम म्हणजे नियम.

शुक्रवारी सकाळपासून ते खुलाशाला बसले. आणि इथे, अगदी किनाऱ्याला लागता लागता, घात झाला. दोन रात्रींचा अपमान मनात साचला होता तो सगळा लेखणीतून उतरला. तीन आठवड्यांत आलेली तीन परिपत्रकं, त्यांच्यातला परस्परविरोध, पंख्याच्या तक्रारींचे क्रमांक, गोंदाची प्रत, सव्वीस वर्षांची निष्कलंक सेवा. तीन पानं! शेवटी 'सबब, सदर प्रकरणी माझ्याकडे कोणताही दोष जात नाही' असं लिहून त्यांनी खाली झोकदार सही ठोकली. किती दिवसांनी त्यांना मोकळा श्वास घेता आला.

दीड वाजता मॅडमनी तीन पानं वाचली. पहिल्या पानावर त्या मान डोलावू लागल्या. तिसऱ्या पानावर त्यांनी कपाळाला हात लावला.

"काय सुरेख लिहिलंय हो. मला तर पूर्ण पटलं."

"पटलं ना?" नियमकाका खुलले.

"शंभर टक्के. तुमचा काहीच दोष नाही. मग आता मी कारवाई कशी करू?"

नियमकाका उभेच राहिले. भिंतीवरच्या घड्याळात एक पस्तीस झाले होते.

"खुलासा समाधानकारक असला की प्रकरण बंद करावं लागतं," मॅडम हळूच म्हणाल्या. "कारवाई नाही म्हणजे परिशिष्ट 'ग' नाही. त्या मुलीचं तिकीट काढा म्हणावं लागेल."

"मॅडम, ते पटवून घेऊ नका ना."

"मग न पटेल असं काहीतरी आणा. आणि एक सांगते, रागावू नका. ताकीद दिली की बढतीच्या यादीतून या वर्षी नाव काढावं लागेल. ते माझ्या हातात नाही."

नियमकाका टेबलावर परत आले. कोरा कागद घेतला. 'सदर तक्ता लावण्यात आला होता' असं लिहिलं आणि खोडलं. 'दुर्दैवाने पट्टी पडल्याने' असं लिहिलं आणि तेही खोडलं. वकिलीणबाईंचा सल्ला एवढा उत्तम, पण त्या वाक्यांतून ती मुलगी तेवढी मायदेशी जाताना दिसत होती. बाहेर रांगेत कुणीतरी खोकलं. आयुष्यात त्यांनी हजारो पत्रं लिहिली होती, पण हे कसं लिहायचं ते त्यांना येत नव्हतं. शेवटी त्यांनी टायपिंगचा नाद सोडला आणि हाताने लिहिलं:

'तक्ता मी लावला. तो रोज बघणे माझे काम होते. मी बघत नव्हतो. विद्यार्थिनीने विचारले तेव्हा मी मागे न बघता बोट दाखवले. सोबतच्या छायाचित्रातील बोट माझे आहे. इतर कोणाचाही दोष नाही. चूक माझी आहे.'

मॅडमनी ते वाचलं. 'खुलासा अमान्य. सक्त ताकीद' असं लिहून त्यांनी सही केली. ताकीद सेवापुस्तिकेत चढवायची होती. ती पुस्तिका नियमकाकांच्याच कपाटात होती. सव्वीस वर्षांच्या कोऱ्या पानावर त्यांनीच, आपल्या वळणदार अक्षरात, ती नोंद केली.

परदेशी नागरिक कार्यालयाच्या खिडकीशी ते पोचले तेव्हा तीन चाळीस झाले होते आणि पुढे सहा माणसं होती. तीन बावन्नला नंबर आला. खिडकीतल्या बाईंनी कागद चाळले आणि त्या थांबल्या.

"परिशिष्ट 'ग'?"

"हो. काही चुकलं का? नियम बदलला का? बाई, आज सकाळी तर नाही ना बदलला?"

"बदलला नाही हो. पण हे कुणी भरून आणत नाही. मी इथे अकरा वर्षं आहे, सगळे मुलांवर ढकलून देतात." त्यांनी मागे वळून हाक मारली, "अगं ए, इकडे ये, बघ, 'ग' आलाय!"

मागच्या टेबलांवरची तीन माणसं उठून आली. त्यांनी कागद पाहिला, मग काचेपलीकडच्या नियमकाकांना पाहिलं. त्यातल्या एकाने चष्मा वर करून पाहिलं. नियमकाकांनी रुमालाने मान पुसली. रांगेतली मागची माणसंही पुढे वाकून बघू लागली.

"छायाचित्रातलं बोट तुमचं, असं लिहिलंय," बाई म्हणाल्या. "खातरजमा करावी लागेल. दाखवा."

"काय?"

"बोट."

तीन छप्पन्न झाले होते. अधीक्षक, सव्वीस वर्षं सेवा, यांनी भर कार्यालयात बाही सारून घड्याळ असलेल्या हाताचं बोट काचेला टेकवलं. बाईंनी फोटो शेजारी धरला. बोट पाहिलं, घड्याळ पाहिलं, पुन्हा बोट पाहिलं.

"जुळतंय," त्या म्हणाल्या, आणि कागद घेऊन आत साहेबांकडे गेल्या.

त्या तीन मिनिटांत नियमकाकांनी मनातल्या मनात सगळी परिपत्रकं नव्याने वाचून काढली. साहेब नसले तर? सहीचं पेन नसलं तर? चार वाजताच खिडकी बंद झाली तर? आतून खाडकन शिक्क्याचा आवाज आला. बाई परत आल्या. चार महिन्यांची मुदतवाढ.

पायऱ्यांवर बसून त्यांनी मातीवालीला फोन लावला. "मिळाली. चार महिने," ते म्हणाले.

"काका," ती म्हणाली, आणि मग खरंच रडली. "पण कुणाला शिक्षा वगैरे तर नाही ना झाली?"

"छे छे," नियमकाका म्हणाले. "कागदोपत्री असतं थोडं. तू कुंड्यांचं बघ."

घरी दार उघडायच्या आत ऑडिटर आणि वकिलीणबाई हजर होत्याच. नोकरी आहे की गेली, एवढंच त्यांना हवं होतं. आहे म्हटल्यावर दोघंही जरा हिरमुसलेच. नियमकाकांनी कार्यालयीन प्रतींचा गठ्ठा टेबलावर ठेवला आणि ते हातपाय धुवायला गेले.

बाहेर आले तेव्हा शेजारी गेलेले होते. काकू खुर्चीत बसून हाताने लिहिलेला तो कागद वाचत होत्या. वरपासून खालपर्यंत वाचला, उलटा करून मागची बाजू पाहिली. भावाचं नाव कुठेच नव्हतं. पुन्हा वरपासून वाचला.

"बढती गेली," नियमकाका दारातूनच म्हणाले. "या वर्षीची."

"कळलं." काकूंनी शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं. "हे तुम्हीच लिहिलंत? कुणी सांगितलं नाही ना लिहायला?"

"मीच."

काकू उठल्या. कपाटातली महत्त्वाच्या कागदांची फाईल त्यांनी काढली आणि 'आमच्या लग्नाचा दाखला' म्हणत ज्या प्लॅस्टिकच्या पाकिटाला त्या कुणाला हात लावू देत नसत, त्यात तो कागद जपून सरकवला.

"अगं, ऑफिसची प्रत आहे ती," नियमकाका म्हणाले. "परत न्यायचीय."

"ऑफिसात झेरॉक्स द्या," काकू म्हणाल्या. "असलं तुमच्या हातचं मला पुन्हा कधी मिळणार आहे?"